मावशीने नाव घेतलं

माझ्या हातून हे लिहिलं जावं एवढा माझा अधिकार नाही, हे प्रथमच सांगून टाकतो आणि वाचकांची क्षमा मागतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सही केलेली नाही. वडील मुंबईला गोदीत आहेत, ते अजून अंगठाच उठवतात. आई वरंधच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावरच्या आमच्या वाडीत राहते, आणि तिला कागदावरची अक्षरं व भिंतीवरच्या मुंग्या यांत फारसा भेद वाटत नाही. अशा घरातून आलेल्या मुलाने शुद्धलेखनाला बिचकत चार पानं लिहावीत आणि ती छापायला द्यावीत, हे धारिष्ट्यच आहे. त्यातून विषय बायकांचा. तो बायकांनीच लिहायला हवा. पण जिच्याविषयी लिहायचं ती लिहिणार नाही, आणि आमच्या कॉलेजच्या वार्षिकाच्या संपादकांनी ‘तुम्ही खेड्यातले, तेव्हा ग्रामीण स्त्रीजीवनावर काहीतरी ललित द्या’ असं दोनदा सांगितलं. ललित म्हणजे जे वाचून मन प्रसन्न होतं, अशी माझी समजूत आहे. माझ्यापाशी प्रसन्न असं काही नाही. दोन माणसांची नावं छापून यावीत एवढ्याचसाठी मी लिहायला बसलो आहे, आणि हा हेतू सुडाचा आहे हे मला ठाऊक आहे. ती नावं दगडू आणि धोंडू.

फाल्गुन लागला की आमच्याकडच्या दऱ्या धुराने भरून जातात. पावसाळ्यात भाताचं रोप जिथे टाकायचं ती जमीन आधी पालापाचोळा आणि शेणी पसरून भाजून काढतात. त्या राबाचा धूर सकाळी ओढ्यावरून सरकत येतो, आंब्याच्या मोहोरात शिरतो, आणि मग धूर कुठला व मोहोर कुठला हे नाकाला सांगता येत नाही. तो कडवट गोड वास आला की मला धाकट्या मावशीचं घर आठवतं. आमच्या वाडीतून दीड तास उतरलं की ओढ्याच्या वळणावर तिची वाडी लागते. लहानपणी माझे निम्मे दिवस तिथेच गेले. तिला मूल नव्हतं. आणि मला, खरं सांगायचं तर, दोन आया होत्या.

मावशीच्या सासूचे तीन मुलगे पाळण्यातच गेले होते. चौथा झाला तेव्हा त्याचं नाव दगडू ठेवलं आणि पाचवा झाला तेव्हा धोंडू, म्हणजे यमाला ते उचलावेसे वाटू नयेत. यमाला वाटलेही नाहीत. दोघे वाढले, दोघांची लग्नं झाली, आणि धाकटा धोंडू मावशीच्या वाट्याला आला. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, थोरल्या दिराचंही घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं असं म्हणतात. एवढंच नव्हे, त्या नावाच्या जवळून जाणारा शब्ददेखील ती तोंडात येऊ देत नाही. शेजारच्या एका काकीचा नवरा सावळाराम, म्हणून ती सावलीला जन्मभर ‘गारवा’ म्हणत आली. ज्या बाईचा नवरा दगडू ती धोंडा म्हणू शकते, आणि जिचा धोंडू ती दगड म्हणू शकते. पण मावशीला एक नवरा होता आणि एक थोरला दीर होता, आणि दोघांनी मिळून तिचे दोन्ही शब्द नेले होते. ज्या मुलखात पाऊल टाकलं की दगड, नांगर घातला की दगड, चुलीला दगड, देवाला दगड, त्या मुलखात तिला दगड म्हणायला शब्द नव्हता.

म्हणून ती त्याला ‘मुकं’ म्हणायची. ‘दोन मुकी आण रे, चूल मांडायचीय.’ ‘वाटंवर मुकं हाय, ठेचकाळशील.’ मला लहानपणी या गोष्टीची मोठी गंमत वाटे. मी मुद्दाम ओढ्यातून एक गुळगुळीत गोटा उचलून तिच्यापुढे धरायचो आणि विचारायचो, ‘मावशे, हे काय?’ ती गोटा हातात घेऊन उलटासुलटा करून बघायची आणि गंभीरपणे म्हणायची, ‘तुजी अक्कल.’

वाटणीत धोंडूकडे ओढ्याकाठचा एक उतरता तुकडा आला होता, ज्यात कुसळी गवत आणि दगड यांखेरीज काही उगवत नव्हतं. धोंडूने तो एकदा पाहिला आणि दासगावच्या बंदरावरून होडीने मुंबईचा रस्ता धरला. पहिली दोन वर्षं तो गणपतीला आला. मग आला नाही. मग मुंबईहून येणाऱ्या माणसांनी आडूनआडून सांगितलं की त्याने तिकडे दुसरं बिऱ्हाड थाटलं आहे आणि तो अंगाने सुधारला आहे. मावशीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन ओढ्यात उतरली. त्यानंतरची सात वर्षं, दर उन्हाळ्यात, ती ओढ्यातून दगड वाहत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीत मुकी. त्यांचा तिने कमरेएवढा बांध रचला, बांधाच्या पोटात माती ओढली, पावसाचं पाणी तिथे थांबायला शिकवलं, आणि उताराचं खाचर झालं. वरच्या कोपऱ्याला, जिथे दगडूची जमीन सुरू होते तिथे, एक उंच दगड हद्दीची खूण म्हणून उभा करायचा होता. तो तिला एकटीला हलेना. मॅट्रिकच्या सुटीत मी गेलो होतो तेव्हा आम्ही दोघांनी पहारीने ढकलत तो वर नेला. पुरून झाल्यावर तिने त्याच्यावर ओंजळभर पाणी टाकलं, आपल्या मानेवर टाकलं, आणि उरलेलं माझ्या डोक्यावर.

पहिल्या वर्षी भात गुडघ्याला लागलं, दुसऱ्या वर्षी कमरेला. तेव्हा दगडूला आठवण झाली की हे खाचर त्याच्या हद्दीत आहे.

आता मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच वर्षी माघात आमच्या कॉलेजात वक्तृत्वाची चढाओढ झाली होती. मी सहसा उभा राहत नाही, बोलताना माझ्या तोंडून अजून ‘नाय’ निसटतं. पण त्या दिवशी विषय स्त्रियांचा होता आणि मित्रांनी ढकललं. माझ्या भाषणात एक वाक्य होतं: ‘ग्रामीण स्त्री ही मूक सहनशीलतेची मूर्ती आहे.’ टाळ्या पडल्या. शहरातल्या मुलींच्या बाकावरूनही पडल्या, आणि त्या टाळ्यांची ऊब मला कित्येक दिवस पुरली. कथांतून, नाटकांतून, मासिकांच्या मुखपृष्ठांवरून जी स्त्री मी पाहिली होती, हातात निरांजन आणि पापण्या खाली, तिच्याच साच्यात मी मावशीला ओतून आलो होतो, आणि मला वाटत होतं की मी तिचा गौरव केला.

शिमग्याच्या सुटीत मी घरी गेलो. हद्दीच्या तक्रारी ऐकायला फिरतीवर निघालेल्या एका अंमलदाराचा मुक्काम त्या दिवसांत घाटाच्या पायथ्याला एका धर्मशाळेत पडला होता. मावशीने निरोप पाठवला, ‘ये रे, संगं तुज्यासारखा लिवता-वाचता असला म्हंजे बरं.’ मी धुतलेला सदरा घालून गेलो. धर्मशाळेच्या ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर कारकून, त्याच्या मांडीवर उतरतं मेज आणि बाजूला लाल फडक्यात बांधलेली दप्तरं. अंमलदारसाहेब आत जेवत होते. जबाब कारकूनच घेत होता. अंगणात आंब्याखाली दहाबारा माणसं उकिडवी बसली होती, त्यांत नवं पागोटं बांधून दगडू.

कारकुनाने विचारलं, ‘बाई, हद्दीवर खूण कसली?’

‘हाय की,’ मावशी म्हणाली.

‘हाय, पण कसली हाय? झाड हाय, वारूळ हाय, का बांध हाय?’ त्याने तिच्या बोलीची नक्कल केली.

मावशीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ‘मुकं हाय.’

‘मुकं? कोण मुकं? नवरा का?’

अंगणातली माणसं हसली. कुणीतरी मागून म्हणालं, ‘नवरा मुका नाय, साहेब, मुंबैत लय बोलतो.’ पुन्हा हशा झाला. मी मावशीच्या मागे दोन हातांवर उभा होतो, आणि त्या हशाने माझे कान तापले. ती कशाविषयी बोलते आहे हे मला माहीत होतं. ती उंच शिळा माझ्याही खांद्याने ढकललेली होती. एक वाक्य पुरलं असतं: साहेब, आमच्याकडे बाया अमुक नाव घेत नाहीत, तिला दगड म्हणायचं आहे. पण तेवढं बोलायचं म्हणजे मी त्या हसण्यात उभा राहायचं, आणि मी नुकताच कुठे तिथून बाहेर आलो होतो.

मावशी गोंधळली. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि तिला जो एक मार्ग मोकळा दिसला त्यावर तिने पाऊल ठेवलं. ‘थोरल्या भावजींच्या नावाचं हाय ते.’

कारकुनाची लेखणी थबकली. ‘दगडूच्या नावाचं?’

‘व्हय. त्येंच्या नावाचं.’

‘नीट बोल. दगडूच्याच नावाचं ना? मागून बदलायचं नाही.’

‘मागनं कशाला बदलंल?’ मावशी म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं; अखेर तिचं म्हणणं साहेबाला कळलं होतं. ‘मीच आनून उभं केलंय.’

तो लिहू लागला. मी दगडूकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं. तो हसला नाही, त्याने मिशीला हात लावला नाही. पागोट्याचा सुटलेला शेव त्याने सावकाश खोचला आणि नजर जमिनीकडे वळवली, देवळात वळवावी तशी.

लिहून झाल्यावर कारकुनाने मला विचारलं, ‘तुम्ही कोण?’ मी म्हटलं, भाचा, पुण्याला कॉलेजात आहे. त्याने लगेच आवाज बदलला आणि कागद माझ्या हातात दिला. ‘वा. मग वाचून बघा आणि बाईला समजावून सांगा.’ कागद मोडीत होता. मोडी मी मराठी शाळेत थोडी गिरवली होती. पुढे इंग्रजी शाळेत ती सुटली. कारकुनाने लेखणी न उचलता लिहिलेल्या त्या ओळी पावसात भिजलेल्या दोरीच्या गुंत्यासारख्या दिसत होत्या. ‘थोरले दीर’ एवढं लागलं, ‘नावाची’ लागलं. मधलं लागलं नाही. मला मोडी वाचता येत नाही, असं कॉलेजातल्या मुलाने त्या ओसरीवर म्हणायचं होतं. मी कागदावरून नजर फिरवली, वाचणाऱ्या माणसाला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ घेतला, आणि म्हणालो, ‘बरोबर आहे.’ मावशीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, विश्वासाने, आणि अंगठा पुढे केला.

निकाल चैत्रात पाटलाच्या ओसरीवर वाचून दाखवण्यात आला, तेव्हा मी पुण्यात होतो. त्यात असं होतं की, सदर बाईने हद्दीवरील जागा थोरल्या दिराच्या नावाची असल्याचे स्वमुखाने कबूल केले आहे. आई म्हणाली, मावशीने ती ओळ तीनदा वाचायला लावली. मग विचारलं, ‘स्वमुखानं म्हंजे काय?’ कुणीतरी सांगितलं, तुझ्या तोंडाने. ‘माज्या तोंडानं,’ ती म्हणाली, आणि लुगड्याचा पदर खोचून उठली. त्यानंतर महिनाभर ती कुणाशी फारसं बोलली नाही.

वैशाखात मी तिच्याकडे गेलो. करवंदांच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या आणि वाटेवर उन्हाने तापलेल्या मातीला भाजल्या भाकरीचा वास येत होता. सबंध वाटेत मी शब्द जुळवत होतो: वर दाद मागता येईल, अर्ज मी लिहीन, झालं ते कसं झालं हे खुलासेवार लिहीन. दारात मी हाक मारली तेव्हा ती आतून आली, मला बघून थांबली, आणि तिने डोक्यावर पदर घेतला. माझ्यासमोर तिने कधी पदर सावरला नव्हता. मी तिच्या मांडीवर जेवलेला मुलगा. तिने घोंगडी अंथरली, तांब्या ठेवला, गुळाचा खडा ठेवला.

‘बसा,’ ती म्हणाली. ‘तुमी कवा आलात?’

मी खाली बघत सगळं सांगितलं. मोडीचंही सांगितलं. शेवटी मी अर्जाचं काढलं तेव्हा एवढंच म्हणाली, ‘लिवणं तुमचं फार झालं, साहेब. पानी प्या. ऊन हाय.’ मला तिने शिव्या दिल्या असत्या, ओढ्यातला गोटा उचलून मारला असता, तरी चाललं असतं. त्या ‘तुमी’ला मी काय करणार होतो? रागावलेल्या माणसाच्या पाया पडता येतं; आदर करणाऱ्या माणसाच्या पुढे नुसतं बसून गूळ खावा लागतो. तो मी खाल्ला.

आठ दिवसांनी तिच्याच वाडीत एका मुलीचं लग्न होतं. आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, उन्हाचे कवडसे पाहुण्यांच्या पागोट्यांवरून घसरत होते, हळदीचा आणि घामाचा वास एक झाला होता. दुपारी नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवले आणि बायकांनी नेहमीप्रमाणे नाव घ्यायला सुरुवात केली. वर्षभरात याच वेळी बाईने नवऱ्याचं नाव घ्यावं अशी मुभा असते, तीही यमकाच्या पदराआड झाकून. नवरीने घेतलं, करवलीने घेतलं, साठीच्या म्हाताऱ्यांनी बोळक्या तोंडाने घेतलं. मावशी असल्या वेळी नेहमी तोंडाला पदर लावून मागे सरायची. धोंडू मुंबईला राहिल्यापासून तर कुणी आग्रहही करत नसे. पण बायजाकाकी नावाची एक थट्टेखोर म्हातारी आहे, ती म्हणाली, ‘हिला सोडा गो. हिच्या दातात मुकं बसलंय.’

बायका हसल्या. पलीकडे पंगतीतले पुरुषही हसले. मीही त्याच पंगतीत होतो, दगडूपासून चौथ्या पानावर.

‘घेते की,’ मावशी म्हणाली.

ती उभी राहिली. तिने पदर मागे टाकला, आणि उखाण्याला जो लाडिक हेल असतो त्यातला एक थेंबही न आणता, ओढ्यापलीकडच्या गुराख्याला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली:

‘ओढ्यातनं व्हावून व्हावून झिजला माजा खांद,
धोंडूच्या नावावर मी एकलीनं घातला बांध.’

नुसतं धोंडू. राव नाही, पंत नाही. एका म्हातारीने कानांवर हात ठेवले. वाजंत्रीवाल्याने सनई ओठांपासून दूर केली. मला वाटलं, झालं. पण ती खाली बसली नाही. पंगतीकडे वळली.

‘कागदावर अंगठा माजा, शाई लागली बोटाला,
खाचर माजं गेलं बगा दगडूच्या पोटाला.’

थोरल्या दिराचं नाव घ्यायला उखाणाच नसतो. तो तिने त्या महिनाभरात केला असणार. महिनाभर ती गप्प होती असं सगळे समजत होते, आणि ती यमक जुळवत होती.

दगडूची बायको, मावशीची थोरली जाऊ, तीरासारखी पुढे आली. ‘माजं कुकू पुसायला उठलीस काय गो?’

‘तुज्या कुकवाला,’ मावशी म्हणाली, ‘माज्याच खाचराचा भात लागतो काय गो?’

मग तिने मला शोधलं. मी पानावर मान घातली होती. तरी तिची नजर येऊन पोहोचली हे मला कळलं. ‘साहेब,’ ती म्हणाली, ‘लिवून घ्या. हद्दीवर दगड हाय. दगड. धोंडा. मी नि माज्या भाच्यानं आनून उभा केलाय.’

भाच्यानं असं ती म्हणाली, माझ्यासमोर, जसा काही तो भाचा तिथे नव्हताच. दगडूने पानावर पाणी सोडलं आणि अर्ध्या जेवणातून उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. एवढा धिप्पाड माणूस, सगळी कागदपत्रं त्याच्या बाजूची, आणि एका बाईच्या तोंडून आपलं नाव ऐकून तो वहाणा न घालताच मांडवाबाहेर पडला. नाव घेतल्याने कुणाचं आयुष्य घटत नाही हे मी शिकलो आहे. पण तिने दगड हा शब्द, दगडूसकट, किती वेळा उच्चारला हे मी मनाशी मोजत होतो, आणि आयुष्य खरंच घटत असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. आजही वाटतं. हे मी प्रांजळपणे लिहितो आहे. शिक्षणाने माझं मन निर्मळ झालं असेल अशी ज्यांची समजूत असेल, त्यांची मी निराशा करतो.

त्यानंतर ती सरसकट बोलू लागली. वाटेवरचा दगड, चुलीचा दगड, पाटा-वरवंट्याचा दगड. विहिरीवर घागर ठेवताना ‘हा धोंडा जरा सरकव गो’ म्हणायची आणि बायका दचकायच्या. बायजाकाकी तिला म्हणाली, ‘तोंड विटाळलं तुजं.’ मावशीने उत्तर दिलं, ‘विटाळलं तर विटाळलं. आता चूळ भरायची नाय.’ मला हे सगळं आईकडून कळत होतं, कारण मी पुन्हा तिच्या दारी गेलो नाही. एकदा अर्ज लिहायला बसलो, बाळबोधीत, सुवाच्य. ‘सदर बाई’ एवढं लिहिलं आणि पुढे लेखणी चालेना. दोनदा फाडला. तिसरा अजून माझ्या ट्रंकेत आहे. तिने सांगितल्याशिवाय तो धाडायचा की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही; न विचारता तिच्या वतीने बोलणं आणि विचारलं असताना गप्प बसणं, दोन्ही मी करून चुकलो आहे. सुटी संपली आणि मी पुण्याला आलो.

वक्तृत्वाच्या चढाओढीत मिळालेलं प्रशस्तिपत्र खोलीत भिंतीला होतं. ते मी काढलं नाही. रोज दिसू दे म्हणून ठेवलं.

आषाढ गेला. पुण्याच्या पावसाला आमच्याकडच्यासारखा चिखलाचा आणि कुजत्या पाल्याचा वास नसतो. तो खिडकीबाहेर सभ्यपणे पडतो. आमच्याकडे हे लावणीचे दिवस. नांगर पुरुषांचा आणि लावणी बायकांची, अशी आमच्या खोऱ्यातली वहिवाट. बायका एकमेकींच्या शेतांवर पाळीपाळीने जातात, गुडघाभर चिखलात वाकून चार बोटांनी रोप खोवतात. ते खोवणं दिसतं सोपं, पण बोटांना ठाऊक असावं लागतं. मावशीच्या खाचरात या वर्षी दगडूचं भात उभं राहील, वाऱ्यावर डोलेल, हे चित्र मला अभ्यास करू देत नव्हतं. मी देवाकडे काही मागत नाही. पण त्या महिन्यात मी कीड मागितली, पूर मागितला, डोंगरावरून रानडुकरं मागितली.

श्रावणात, सोमवारी, आईचं कार्ड आलं. ती शाळेच्या मास्तरांना सांगते आणि मास्तर पुस्तकी करून लिहितात, तरी मधूनमधून ती डोकावतेच. आधी गाय व्याली, मग वडिलांना ताप येऊन गेला, आणि मग, कार्डाच्या पाठीवर पत्त्याशेजारी उरलेल्या जागेत, अक्षर बारीक करकरून, ती बातमी.

दगडूने त्या खाचरात लावणीला बायका बोलावल्या. ठरल्या दिवशी कुणी आली नाही. एकीचं मूल तापलं होतं, एकीच्या पायात काटा मोडला होता, एक बाजूला बसली होती, एक माहेरी गेली होती. त्याने खालच्या वाडीत निरोप धाडला, तिथेही ताप आणि काटे निघाले. मग आमच्या वाडीत माणूस आला. ‘माझी कंबर धरली आहे असे मी सांगितले,’ आईने लिहवलं होतं, ‘तुला माहीत आहे, मला कंबरेचा आजार नाही.’ मावशीचं नाव कुणीच काढलं नव्हतं. रोप पिवळं पडू लागलं तेव्हा दगडू स्वतः दोन मुलांना घेऊन खाचरात उतरला. सगळा दिवस तिघे वाकून लावत होते. दुसऱ्या सकाळी सबंध लावणी सुटून पाण्यावर तरंगत होती, आणि वाऱ्याने ढकलत ढकलत ती बांधाला येऊन लागली होती.

कागदाप्रमाणे खाचर दगडूचंच आहे. मी ते कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ताप, काटा, कंबर. यांतलं काहीही कुठल्या जबाबात येणार नाही, आणि आलं असतं तरी ‘वाचून बघा’ म्हणून माझ्या हातात दिल्यावर मला ते कितपत वाचता आलं असतं, कोण जाणे. ज्यांना मी मूक म्हणून टाळ्या घेतल्या त्या बायका आपसांत कुठल्या भाषेत हे बोलल्या? की बोलल्याच नाहीत? मला आनंद झाला होता, दुष्ट आणि भरगच्च आनंद. पण त्या आनंदात मला कुणी बोलावलेलं नाही, हेही मला समजत होतं.

कार्डाच्या अगदी कडेला शेवटच्या तीन ओळी होत्या. त्या मी जशाच्या तशा उतरवतो. ‘दगडूभावजी लावत होते तेव्हा आम्ही पंधरावीस जणी पावसाची इरली पाठीवर घेऊन वरच्या वाटेवर बघत बसलो होतो. कोणी कोणास बोलावले नव्हते, कोणी हसले नाही. तुझी मावशी आली नव्हती. बायजाकाकीच्या शेतात तिची लावणीची पाळी होती, तिला सवड नव्हती.’